रुखमाबाईंचा फोटो कोणाचा?

मोताळ्याच्या वाचनालयात सुचिता एकवीस वर्षं पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करत होती आणि एवढ्या वर्षांत तिचा आवाज चढल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मग जिल्ह्यातल्या हौशी मंडळींनी इंटरनेटवर आपल्या गावांचा ज्ञानकोश सुरू केला. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, असा. फोटो तपासून घ्यायचं काम सुचिताकडे आलं आणि तेव्हापासून तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

नियम म्हटला तर सोपा. फोटो स्वतः काढलेला असावा. नाहीतर ज्यानं काढला त्यानं लिहून द्यावं, की माझं नाव देऊन हा कोणीही वापरा, छापा, विका. हे तिनं कोशाच्या ग्रुपवर इतक्यांदा लिहिलं होतं की पहिलं अक्षर टाइप केलं की मोबाइल पुढचे शब्द आपणहून सुचवायचा. तरी रोज सकाळी नवं काहीतरी येऊन पडायचंच. कपाशीच्या लेखाला कोणत्या तरी परदेशी शेताचा फोटो, त्यावर विकणाऱ्या कंपनीचं नाव आडवंतिडवं छापलेलं. देवळाच्या लेखाला लग्नाच्या व्हिडिओतून उचललेलं देऊळ, कोपऱ्यात नवरदेवाचा अर्धा फेटा.

"खाली 'साभार' लेह्यलं ना, ताई," असं उत्तर यायचं.

"कोणाचे आभार?"

"गुगलचे."

त्यातही उत्तमरावांपुढे ती हात टेकायची. निवृत्त मास्तर, वय सत्तरीचं, भाषा ओघवती. दीडशेच्या वर लेख त्या एका माणसानं लिहिले होते. त्यांना वगळलं असतं तर कोशात उरलं असतं काय, हा प्रश्नच होता. पण फोटो म्हणजे हवेतून येतात आणि सगळ्यांचे असतात, अशी त्यांची पक्की समजूत.

फाल्गुनात त्यांनी वडनेर भोलजीच्या रुखमाबाईंवर लेख लिहिला. बैलांच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली केलेली बाई. पुरुषांच्या गर्दीत उभी राहायची, रुमालाखाली बोटं धरून गुपचूप भाव ठरवायची आणि बैलाच्या नुसत्या चालीवरून त्याची खोड ओळखायची. लेख सुरेख होता. सोबत फोटोही होता, साऱ्या जिल्ह्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून ओळखीचा झालेला: रुमालाखाली गेलेला बाईंचा हात, समोर बघणारे डोळे, मागे बैलाचं वळणदार शिंग.

सुचितानं तो लेखातून उतरवला. तासाभरात उत्तमरावांचा फोन आला.

"काऊन काढला, ताई? असा फोटो पुन्हा भेटन काय?"

"कोणी काढला ते माहीत नाही, सर."

"मंग? ज्याचा पत्ता नाही, तो भांडाले येईन काय?"

येणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण वाचनालयात एकदा एका लेखकाची मुलगी आली होती. बापाच्या पुस्तकाची झेरॉक्स काढून बांधलेली प्रत कपाटात दिसल्यावर ती बाई नुसती प्रत हातात धरून उभी राहिली. ते उभं राहणं सुचिताच्या मनातून गेलं नव्हतं. तिनं फोटोवाल्याचा शोध सुरू केला. पंधरा दिवस लोकांना विचारत राहिली, तेव्हा कुठे नाव कळलं: मलकापूरचे नारायणराव, पूर्वी स्टुडिओ चालवायचे.

रविवारी ती बसनं मलकापूरला गेली. नारायणरावांनी चहा मागवला, जुनी निगेटिव्ह काढून खिडकीशी धरून दाखवली. हौसेनं काढलेला फोटो. बाईंनी पैसे देऊन काढवून घेतला नव्हता. म्हणजे हक्क नारायणरावांचाच.

"वापर ना बाई. तुले कोण नाही म्हनते?"

"नुसतं मला नाही, काका. कोणीही वापरू शकेल, धंद्यासाठीसुद्धा. तसं लिहून द्यावं लागेल."

म्हाताऱ्यानं निगेटिव्ह पाकिटात परत घातली. "सरकीच्या ढेपीच्या पोत्यावर छापला होता तो एका कारखान्यानं. मले पुसलं नाही. माह्याच गल्लीत ते पोते उतरत होते आन् मी पाहत होतो. आता सही करून म्हनू, की छापा? नाही जमनार."

सुचिताला रागवायला जागाच राहिली नाही. माणूस बरोबर बोलत होता. तिनं चहा संपवला. ती दाराशी गेल्यावर नारायणराव म्हणाले, "अन् बाईचा फोटो पाह्यजे तं बाईकडं जा ना. हाये ना ते वडनेरले."

"आहेत?"

"मांगच्या महिन्यात तं होती बावा!"

सुचितानं तिथंच मोबाइलवर लेख उघडला. रुखमाबाई दलाल होत्या, त्या करारी होत्या, त्यांचा दरारा होता. सगळं होत्या-होत्या. बाई जिवंत आहेत का, हे लिहिणाऱ्यानं विचारलं नव्हतं, आणि लेख वाचून फोटो उतरवणाऱ्या तिनंही नाही. परतीच्या बसमध्ये आधी उत्तमरावांचा आणि मग स्वतःचा इतका राग आला, की मोताळ्याचा थांबा येऊन गेलेला तिला कळला नाही.

घरी पोचते तर फोटो लेखात परत हजर. उत्तमरावांनी कडा कापून, रंग उडवून तो नव्यानं चढवला होता. तिनं फोन लावला.

"सर, फोटोवाले भेटले. त्यांनी नाही म्हटलंय."

"त्याले पुसलंच कायले? पुसलं म्हनून नाही म्हनला तो!"

एकवीस वर्षांत जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. सुचिता ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना. शेजारीण मात्र खिडकीशी येऊन उभी राहिली. उत्तमराव रात्रीच ग्रुपमधून बाहेर पडले. सकाळी ग्रुपवर कुजबूज सुरू झाली: ही बाई काम होऊ देत नाही.

पुढच्या रविवारी ती वडनेरला गेली. रुखमाबाई ओसरीत तुरीच्या डाळीतले खडे निवडत बसल्या होत्या. सुचितानं लेख वाचून दाखवला.

"होत्या? काय व, मी मेली काय?"

"चुकलं, आजी."

"चुकलंच." पण पुढचं त्यांनी कान देऊन ऐकलं. मग मोबाइलवर तो प्रसिद्ध फोटो पाहिला आणि त्या फिस्सकन हसल्या. "हे खोटं हाये. त्या फोटोवाल्यानं आपल्याच मानसाचा हात देल्ला होता रुमालाखाली. म्हने, इकडं पाहा. सौद्याच्या टायमाले कोनी असं समोर पाह्यते काय? डोये दिसले का भाव फुटते. म्या सांगतलं होतं त्याले, आयकलं नाही."

ज्या फोटोपायी महिनाभर भांडण झालं, तो फोटो असा होता.

"मग खरा कसा काढू, आजी?"

बाई उठल्या, पदर खोचला, शेजारच्या गोठ्यात शिरल्या. कोणाला न विचारता त्यांनी तिथल्या बैलाचा जबडा उघडून दात पाहिले, मग खूर उचलून पाहिला. सुचिता मोबाइल घेऊन मागे मागे. दुपारचं ऊन डोक्यावर, बैल हलतोय, बाई थांबायला तयार नाहीत. तेवीस फोटोंतला एक बरा निघाला. त्यात बाईंचा चेहरा निम्मा दिसत होता, आणि मागे पाण्याची निळी टाकी दिसत होती ती मात्र पूर्ण. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "हाव, हा टाक. कोनालेबी घेऊ दे."

त्याच संध्याकाळी सुचितानं आपलं नाव घालून, मोकळ्या परवानगीनं तो चढवला.

चार दिवसांनी उत्तमराव परतले. माफीबिफी काही नाही. लेखात 'होत्या'चं 'आहेत' केलेलं दिसलं. एक 'होत्या' राहिलं होतं, ते तिनं बदललं. मग त्यांचा मेसेज आला: "ताई, बाकी ठीक हाये, पन टाकी लय दिसून राह्यली."

नारायणरावांचाही फोन आला. "पाह्यला. ऊन चुकलं तुहं. सकाळी आठच्या आत जाजो, अन् सूर्य आपल्या पाठीशी ठेवजो." आणि फोन बंद.

यानंही तिचा जीव कावला, पण सांगणं कामाचं होतं. ती पहिल्या बसनं पुन्हा वडनेरला गेली. ओसरी रिकामी होती. रुखमाबाई कोणाच्या तरी टेम्पोत बसून पहाटेच गुरांच्या बाजाराला गेल्या होत्या, आणि कधी येतील ते घरात कोणालाच सांगता येईना.