साठीशांतीची तसबीर

हसा हो, मनसोक्त हसा! माझ्या फजितीवर सगळं कल्याण हसून झालंय, तुम्हीच तेवढे का मागे राहता?

मला ठाण्याच्या कचेरीतली कारकुनी सोडून तसबिरी काढण्याचं दुकान थाटायचं होतं. जागाही हेरलेली, कल्याणला सासऱ्यांची ऐसपैस ओटी. सासरे म्हणजे नाना. म्हणाले, माझ्या साठीशांतीची तसबीर चांगली काढा, ओटी तुमची.

माझे गुरू कोपरीचे इनासकाका. त्यांनी शिकवलेलं, माणूस मधोमध बसवू नये, तो बघेल त्या बाजूला जागा मोकळी ठेवावी. आणि मांडणी करताना माणसाकडे नाही, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर बघावं.

शांतीच्या दिवशी नाना सोवळं नेसून पाटावर बसले. शेजारच्या पाटावर सासूबाई. जागा मोकळी कुठेय? मी सासूबाईंना उठवलं. लाजत होत्याच, सुटल्यासारख्या पळाल्या.

काळ्या फडक्यात शिरलो. काचेवर नाना डोकं खाली, पाय वर. त्याची सवय झालेली, मनातल्या मनात सुलटे केले. पण जानवं उजव्या खांद्यावर! अहो, तसं फक्त मेलेल्यांच्या क्रियेला घेतात!

मी आतूनच म्हटलं, जानवं दुसऱ्या खांद्यावर घ्या. नाना म्हणाले, बरोबरच आहे. मी अक्कल पाजळली, कागदावर काचेवरच्यासारखंच उमटतं! भटजी कुरकुरले, पण नानांनी जावयाचा मान राखला.

काच डावं-उजवंही उलटं दाखवते, कागदावर मात्र माणूस बसलेला असतो तसाच येतो, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं!

तसबीर उमटली. मांडणी काय झालेली, वा! मी तेवढीच बघत बसलो. उत्साहाच्या भरात पहिली प्रत चिठ्ठीशिवायच परस्पर आंबिवलीला, शांतीला येता न आलेल्या नानांच्या बहिणीकडे, आत्याबाईंकडे धाडली.

चार दिवसांनी आत्याबाई गोतावळा घेऊन अंगणात हजर, मोठ्याने रडत. "वहिनी गं, न सांगता कशी गेलीस!"

आवाज ऐकून सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांना बघून आत्याबाई दोन पावलं मागे सरल्या. त्यांनी तसबीर नानांपुढे धरली. उजव्या खांद्यावर जानवं, शेजारी रिकामा पाट. कोणीही काय समजणार हो?

"दादा, मग गेलं तरी कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

नानांनी तसबिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तसबिरी काढणारे जावई गेले," ते शांतपणे म्हणाले. "कचेरीतले तेवढे उरलेत."