ठोकळ्यांसकट चोरीला गेलेली मोटार

पोलिसातल्या नोकरीतली कितीतरी प्रकरणे विसरलो, पण धरणगावच्या त्या मोटारीची घटना आजही आठवते आणि जीव हळहळतो.

गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. इंजिन परदेशी, बॉडी मात्र खास कारागिरांकडून हाताने बांधून घेतलेली. एवढ्या वर्षांनीही रंग नवा वाटे. मालक डॉक्टर वारले, पुण्यातल्या मुलाने विक्रीची जाहिरात दिली. मुंबईचा ग्राहक सोमवारी येणार होता आणि शनिवारी सकाळी गॅरेज रिकामे. कुलूप शाबूत.

मुलाने फिर्याद दिली. गाडी बघून गेलेल्या दलालांचेच हे काम, असा सगळ्यांचा कयास. मी घटनास्थळ पाहिले. टायर दबू नयेत म्हणून गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी असे. ते ठोकळेही गायब होते. चोर गाडी नेईल, ठोकळे कशाला नेईल? नेणाऱ्याला त्या टायरांची काळजी होती.

चाळीस वर्षे डॉक्टरांची ती गाडी चालवणाऱ्या नानांना चौकशीला बोलावले. गॅरेजची एक किल्ली त्यांच्याकडे असे. वय सत्तरीच्या पुढे. चहा पाजला. दोन तास एकच उत्तर, "माले माहीत नही, साहेब." त्या दिवशी पानवाल्यापासून तलाठ्यापर्यंत प्रत्येकाने मला विचारले होते, गाडी सापडली का? नानांनी एकदाही विचारले नाही. मी आवाज चढवला नाही. म्हातारी माणसे दरडावल्याने जास्तच घट्ट होतात.

दुपारी खबऱ्या आला. "साहेब, नानाना कापूस शेतमा उघडावर पडेल शे, आन् शेडले कुलूप."

वेचलेला कापूस उघड्यावर टाकून शेड बंद ठेवणे, असे खान्देशात वेडाही करणार नाही.

पंचांसमक्ष शेड उघडली. गाडी ठोकळ्यांवर उभी, अंगावर धुतलेल्या चादरी, कीड लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला. नाना चादरीचे टोक सारखे करत म्हणाले,

"बठ्ठा तालुकान्या नवऱ्या मी हाई गाडीमा मिरायात, साहेब. मनी घरवाली कधीच बसनी नही. आते गाडी इकाई जाई, म्हणून आणी."

"साऱ्या तालुक्याच्या नवऱ्या मुली मिरवल्या, मग विकली जाण्याआधी घरच्यांना बसवले का?"

"कसं बसाडू? मालकले इचारेल नही ना!"

गाडी न विचारता नेणारा माणूस सीटसाठी परवानगीवाचून अडला होता. मी फिर्यादीला फोन लावून सगळे सांगितले. तो म्हणाला, "बसवा."

मुद्देमाल ठाण्यात न्यायचा होता आणि ती गाडी नानांशिवाय कोणाला सुरूच करता येईना. त्यांच्या पत्नी अक्का शेडशेजारच्या घरात अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या. शिपायांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवले. नियमाला धरून नव्हते, कबूल आहे. अक्कांनी पदर सारखा केला आणि खिडकीवर हात ठेवून कापसाच्या पऱ्हाटीची शेते बघत राहिल्या. नाना आरशातून मागे बघत होते, मी समोर बघा म्हणालो नाही. ठाण्याची पाटी दिसताच अक्का म्हणाल्या, "इतलं जवळ शे का ठाणं?"

प्रकरण पुढे कोर्टात तडजोडीने मिटले. गाडी मुंबईला गेली. फिर्यादीच्या कागदात मालकाचे नाव लिहायला जागा असते, सांभाळणाऱ्याचे लिहायला नसते, हे मला नोकरीच्या शेवटी कळले. ठाण्यात नेलेल्या प्रत्येक माणसाला तो रस्ता लांबावा असेच वाटत आले आहे. त्या दिवशी मलाही वाटले.