लेकीचं खाणं

इंग्लंडला निघाले तेव्हा बडनेऱ्याच्या फलाटावर आईने एकच बजावलं, "पैसे धाडू नको वं. लेकीचं खाऊन मले जगायचं नाई." आमच्याकडे आईबाप लेकीच्या घरी पाणीसुद्धा जपून पितात. मी मान हलवली. बाबा गेल्यापासून ती वलगावात दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची, पण अमरावतीच्या कॉन्व्हेंटची माझी फी तिने कधी थकू दिली नाही.

लीड्सला इस्पितळात काम करत नर्सिंग शिकू लागले. पगारातून टॅक्स आणि सरकारी विम्याचा हप्ता कापलेला पाहून मनातल्या मनात कुरकुरले. मग कावीळ झाली. तीन आठवडे माझ्याच इस्पितळात पडून होते. बिल आलं नाही, उलट आजारपणाचा भत्ता मिळाला. त्यानंतर कुरकुरले नाही.

बजावूनही मी दरमहा घरी पैसे पाठवत होते. वॉर्डच्या सिस्टरने सांगितलं, विधवा आईला पोसणाऱ्याला टॅक्समध्ये सूट असते, आई परदेशात असली तरी. फक्त तिने तिकडच्या अधिकाऱ्यासमोर तसं लिहून द्यायला हवं. वाचलेल्या टॅक्सचे पैसेही घरी गेले तर आईचं निंदणं सुटेल, असा हिशेब करून मी अर्ज केला आणि आईकडून कागद मागवला.

दोन महिन्यांनी तहसीलचा शिक्का असलेला मराठी कागद आला. 'मी मुलीवर अवलंबून नाही. तिचे पैसे मी तिच्यासाठीच पोस्टात जमा ठेवले आहेत. मी कष्ट करून खाते.' खाली आईचा अंगठा. सोबत शेजारच्या मास्तरांची चिठ्ठी होती: "खूप समजावलं. तुझी माय म्हणते, सरकारी कागदावर लेकीचं खातो मनून लिवू काय? लोकं काय मनतीन?"

इंग्रजी भाषांतर मलाच करायचं होतं. एक 'नाही' आणि पुढची दोन वाक्यं गाळली असती तर टॅक्स ऑफिसात कोणाला कळणार होतं? पेन उचललं, पुन्हा ठेवलं. आईने खरं तेच लिहून दिलं होतं. अर्ज मागे घेतला. तिथले वयस्क कारकून म्हणाले, परिस्थिती बदलली तर पुन्हा या.

घरी पत्र लिहिलं, त्यात एकच प्रश्न होता: आई, मी मुलगा असते तर?

उत्तर मास्तरांच्या अक्षरात, पण शब्द तिचेच. "तू पोरगा असती तर मी कवाच घरी बसली असती. हे खरं हाय. गुडघेबी आता आयकत नाईत. पोस्टातले पैसे काढले. आजपासून तुह्यंच खातो. कागद पुना करून धाडतो. आन तुह्या सायबाले सांग, बुढी लय खाते."

नवा कागद आला, तेव्हा भाषांतरासोबत पत्रातलं ते शेवटचं वाक्यसुद्धा मी कारकुनांना सांगितलं. ते हसले आणि शिक्का मारला.

वलगावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठे असं विचारलं की आता मी सरळ सांगते. लीड्समध्ये माझी भाड्याची खोली आहे. घर वलगावात आहे, आणि तिथे आई माझ्याकडे जेवते.