आई ओट्यावर जाऊन बसली

ताईचा नवरा तिला मारतो हे कळलं, तेव्हा दादा भरल्या ताटावरून उठला. बाभुळगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो हमाली करायचा. भरलेलं पोतं एकटा पाठीवर घ्यायचा. तडक तिच्या सासरी दारव्ह्याला गेला, भावजींना दुकानातून बाहेर ओढलं आणि बदडलं. परत आला तो खुशीत. "आता नाही हात लावत तो ताईले."

दोन-चार दिवसांतच ताईचा फोन आला. भावजींनी सगळा राग तिच्यावर काढला होता. "दादाले पुन्हा पाठवू नका," एवढंच ती म्हणाली. रडलीसुद्धा नाही. मला तेच जास्त लागलं.

दादा पुन्हा निघाला, तशी आई दारात आडवी आली. "तू मारून घरी येतं. मार खाले ती तिथंच राह्यते."

बाजाराच्या दिवशी आई मला घेऊन दारव्ह्याला गेली. ताईचं घर रस्त्यालाच, समोर जीपा थांबतात. आई आत गेलीच नाही. ओट्यावर बसली आणि बरोबर आणलेली तूर निवडायला लागली. येणारीजाणारी बाई विचारायची, "काहून वो माय, बाहेरच बसली?"

"जवाई माह्या लेकीले मारते. म्हणून आली," आई सांगायची. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. प्रत्येकीला तेच.

ताईची सासू बाहेर आली. "ईहीणबाई, आत या ना. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या."

दुपारी भावजी आले. दुकानात एका गिऱ्हाइकानंच त्यांना विचारलं होतं म्हणे. मूठ आवळून ते आईच्या अंगावर धावले. मी उठले, तर आईनं हात धरून मला खाली बसवलं.

"मारायचं असंन तर इथंच मारा, जवाईबापू. आत नका नेऊ."

जीपमधली माणसं वळून बघत होती. ड्रायव्हरनं सुरू केलेली गाडी बंद केली. भावजींनी मूठ सोडली. ते घरात शिरले.

संध्याकाळी ताईच्या सासऱ्यांनी शेजारच्या चार माणसांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर मुलाकडून शब्द घेतला. तेव्हा कुठे आई उठली.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, "आई, भ्याली होती का तू?"

"मंग? त्यानं मले मारलं असतं, तर दादा ऐकला असता का कोणाचं?"

तेव्हापासून भावजींनी हात उचललेला नाही. दादाला मात्र अजून वाटतं की ते त्याच्याच भीतीनं. ताई फोनवर सांगते, "हे मारत नाही. बोलतही नाही. भिताडाकडं पाहून जेवते."

परवा चुलीपुढे बसल्या बसल्या आईनं एकदम विचारलं, "तिले तवाच घरी आणाले पाह्यजे होतं का वो?" दुसऱ्या दिवशी मी ताईलाच फोन करून तेच विचारलं.

"आई आली म्हणून वाचली मी," ती म्हणाली. "पण तुले काय पाह्यजे, असं मले त्या दिवशी कोणीच इचारलं नाही. तूही नाही."

मी आईला अजून हे सांगितलेलं नाही.