साहेब येईपर्यंत

मराठवाड्यात आमच्या चुलत भाऊजींइतकी राजकीय भाषणं कुणी केली नसतील, आणि त्यातलं एकही कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. त्यांचं कामच तसं होतं. मोठे पुढारी सभेला दोन-तीन तास उशिरा येतात, तोवर लोकांना उन्हात बसवून ठेवायला कुणीतरी बोलत राहावं लागतं. लातूर-नांदेडकडे ते कुणीतरी म्हणजे भाऊजी. पक्ष कुठलाही असो. गाड्यांचा धुरळा दिसला की मागून कुणीतरी त्यांचा सदरा ओढायचं आणि ते वाक्य अर्धं टाकून खाली बसायचे. एकदा मुरुडला "मायबहिणींनो, तुमचा खरा वैरी" एवढं बोलून बसले. खरा वैरी कोण, हे मुरुडच्या बायकांना अजून कळलेलं नाही. प्रत्येकीने आपापल्या परीने ठरवलं असेल.

बोलण्याचं शास्त्र मात्र त्यांचं पक्कं. वाक्य लहान ठेवायचं, कारण भोंग्याचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो; तो विरल्याशिवाय पुढचं सुरू करायचं नाही. आकडे सांगायचे नाहीत, ते घरी जाईपर्यंत टिकत नाहीत. सुरुवातीला त्या गावापलीकडे कुणाला ठाऊक नसलेलं काहीतरी घ्यायचं, बंद हातपंप नाहीतर सरपंचाची मारकी म्हैस. महत्त्वाचं असेल ते हळू बोलायचं, म्हणजे लोक पुढे झुकतात. "वहिनी, टाळी मागायची नसती. टाळीला जागा सोडायची असती," असं म्हणायचे. ही जागा ते आमच्याकडे जेवतानाही सोडत. "भाजी आज लई चांगली झाली" म्हणून थांबत आणि सगळ्यांकडे पाहत. मी म्हणायची, "भाऊजी, जेवा."

बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यामुळे आवाज बसायला लागला तेव्हा लातूरला डॉक्टरकडे मीच नेलं. तंबाखूने आपलं काम केलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे. आत्ता ऑपरेशन केलं तर थोडाफार आवाज वाचेल. उशीर केला तर स्वरयंत्रच काढावं लागेल."

बाहेर येऊन भाऊजी म्हणाले, "मतदान होऊन जाऊ द्या."

"डोकं फिरलंय का तुमचं? या पुढाऱ्यांपायी?"

"पुढाऱ्यापायी न्हाई, वहिनी. मला एक भाषण पुरं करायचंय. एकच. थोडाफार आवाज वाचला, तर तो काय भोंग्यावर चालायचा हाय का?"

"आणि साहेब आला म्हणजे?"

"पंधरा सभा हायेत. एखादा साहेब तरी यायचा ऱ्हाईलच की."

मी भांडले, चार दिवस अबोला धरला. चौदा सभांना चौदा साहेब भाषण संपायच्या आधी आले. पंधराव्या, भोकरच्या सभेला मी थर्मासात गरम पाणी भरून त्यांच्याबरोबर गेले. खरखरत्या आवाजात भाऊजी दोन तास बोलले. मग संयोजक मोबाईल खिशात घालत त्यांच्या कानाशी लागला. साहेब येत नव्हते. "आटपा आता," तो म्हणाला. माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

भाऊजी माइक धरून नुसते उभे राहिले. मला पुढच्या रांगेतून दिसत होतं, त्यांच्याकडे शेवटच नव्हता. एवढ्या वर्षांत कधी लागलाच नव्हता.

शेवटी म्हणाले, "साहेब येत न्हाईत. ते येतील का न्हाई, हे मला सकाळपासून ठाऊक नव्हतं. तरी मी बोलत राहिलो, म्हणून तुम्ही बसून राहिलात. तुमची आजची रोजी बुडाली. चुकलं माझं. घरी जावा."

माझ्याशेजारच्या म्हातारीने ओरडून विचारलं, "झालं का रं बाबा?"

"हाव मावशे. झालं."

माणसं गुडघ्यांवर हात टेकत उठली, कपडे झटकून निघून गेली. घोषणा नाही, काही नाही. परतताना जीपमध्ये भाऊजी म्हणाले, "पडलं वहिनी भाषण."

"पडलं," मी म्हणाले. धीर द्यायचा तर खरं बोलून द्यावा, असं मला वाटतं. पण त्या दिवशी खरं काय होतं, ते मला जीपमध्ये नीट सांगता आलं नाही.

मतदानानंतर ऑपरेशन झालं. स्वरयंत्र सगळंच काढावं लागलं. आता भाऊजी आमच्याकडेच असतात, गळ्यावर रुमाल आणि मांडीवर पाटी. "चहा हवा." "दार लावा." एवढंच लिहितात. वाचायला क्षणभर पुरे. तरी मी चष्मा शोधते, सावकाश वाचते, आणि ते आणखी काही लिहितील म्हणून जरा वेळ बसून राहते.