सायीएवढा दादा

काही वर्षांपूर्वी, दिवाळीआधी, देवणी गावातल्या आमच्या घरी रंगासाठी कळीचा चुना भिजवताना पिंप उसळलं आणि माझे दोन्ही डोळे भाजले. डावा गेलाच. उजव्याच्या बुबुळावर स्वच्छ कातडी धरेना. ती धरवणाऱ्या पेशीच जळून गेल्या होत्या. म्हणून हैदराबादच्या डॉक्टरांनी थोरल्या भावाच्या बुबुळाच्या कडेचा कणीएवढा तुकडा घेतला आणि कुण्या बाळंतिणीच्या वारेच्या पातळ पडद्यावर तो प्रयोगशाळेत वाढवला. ते दोन आठवडे दादा लॉजवर माझ्या शेजारी भात कालवत म्हणायचा, "इथं मी जेवून राहिलो, अन् तिकडं मी उगवून राहिलो."

सायीएवढा तो थर माझ्या डोळ्यावर बसवला. मला पुन्हा वाचता येऊ लागलं. हे लिहितोय तेही त्याच डोळ्याने. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं : थेंब चुकवू नका, नाहीतर तुमचं शरीर याला परका समजून मारून टाकेल.

यंदा दादा अचानक गेला. मी लातूरहून होतो तसा देवणीला निघालो; थेंबांची बाटली फ्रीजमध्येच राहिली. तिसऱ्या दिवशी आठवली, पण सुतकाच्या घरात आपल्या औषधाचं काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो. राख नदीत सोडली. लोक म्हणाले, आता काही उरलं नाही. मी डोळा मिटला की पापणीखाली तो थर जाणवायचा. दादा गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी डोळा खुपू लागला. दारातून येणारी माणसं धुरातून आल्यासारखी दिसू लागली. इतके दिवस कुणाकडेही मान वर करून न पाहिलेली वहिनी माझ्यासमोर येऊन बसली.

"भाऊजी, डोळा लाल हाय. थेंब घालता का न्हाई?"

"न्हाई."

"कवापासून?"

"दादा गेला तवापासून."

ती म्हणाली, "जाळलं, राख सोडली. तेवढं तरी मारू नका."

मी हैदराबादला फोन लावला. डॉक्टर रागावले, पण अजून वेळ गेलेली नाही म्हणाले. वहिनीचा भाऊ मोटारसायकलवर लातूरला जाऊन बर्फाच्या डब्यात बाटली घेऊन आला.

वहिनीनेच माझी पापणी वर धरली. थेंब पडेना. ती वाकून डोळ्यात पाहत राहिली होती.

"दिसतंय का?" तिने हळूच विचारलं.

तिने कुणाला विचारलं ते मला कळलं नाही. मी दादासारखंच "हाव" म्हणालो. मग तिने थेंब सोडला.