चिमट्यानं काढलेला काटा

थिनरची बाटली उघडली की मला पासलीतली, आमच्या गावच्या घराची ओटी आठवते. नोकरी सुटल्यावर मी गावी जाऊन राहिले होते आणि ओटीवर खिडकीपाशी टेबल मांडून पुठ्ठ्याची हातभर लांब एसटी बनवत बसायचे. टेबलावर पातळ ब्लेड, सुईएवढं ड्रिल, पॉलिशपेपर, रंग, थिनर, भिंग आणि टोकदार चिमटा. भातलावणीच्या दिवसांत शेजारी एकटे राहणारे म्हातारबाबा पाय धुऊन आले, म्हणाले, "पोरी, करवंदीचा काटा मोडलाय, तुज्या बारीक चिमट्यानं निगतोय का बग." भिंगाखाली तो लगेच निघाला. मग ते वरचेवर काटा घेऊन यायला लागले. एका दुपारी धुकं पार ओटीपर्यंत आलेलं, रंग वाळता वाळत नव्हता, आणि त्यांचा गार, भेगाळलेला पाय माझ्या मांडीवर. मी भिंगातून सगळी टाच पाहिली. "बाबा, हितं कायच न्हाई." "आसंल गं. नीट बग. मला न्हाई घाई." मग मी चिमट्याची बोथट बाजू भेगांवरून हलकेच फिरवत राहिले आणि ते विकलेल्या बैलांचं, पुण्याला गेलेल्या लेकाचं बोलत राहिले. बोलणं संपलं तेव्हा मी म्हणाले, "निघाला." त्यांनी काटा दाखव म्हटलं नाही. "आता बरं वाटतंय," म्हणाले आणि धुक्यात गेले. आज शहरातल्या या एकटीच्या खोलीत बाटली उघडली, जरा वेळ वास घेत बसले, मग चिमटा घेऊन समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. माझ्या बोटात काहीच रुतलं नव्हतं.